जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं रीडेव्हलपमेंट: अकरा भाडेकरूंचं प्रकरण

या प्रकरणातली नावं मी काढून टाकलीत, गल्लीही सांगत नाही, आकडे मात्र माझ्या वहीत लिहिलेले आहेत तसेच ठेवलेत. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. माझं आजोळ याच भागातलं, त्यामुळे भाडेकरूंनी मला बोलावलं ते कन्सल्टंट म्हणून नाही, "आपल्या गल्लीची भाची आहे, तिला विचारू" म्हणून. म्हणजे मी तटस्थ नव्हते, मी भाडेकरूंच्या बाजूची होते, हे वाचताना लक्षात असू द्या.

पार्श्वभूमी

सराफ बाजार आणि भद्रकालीच्या मधल्या गल्ल्यांमधला हा एक दुमजली वाडा. मधे चौक, सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे, वर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. खाली चार गाळे: दोन तांबटांचे, एक पिठाची गिरणी, एक पूजा साहित्याचं दुकान. वर आणि मागच्या बाजूला सात बिऱ्हाडं. संडास चौकाच्या कोपऱ्यात, सगळ्यांना मिळून दोन. भाडं महिना ४० रुपयांपासून १८० रुपयांपर्यंत, आणि ते सुद्धा कित्येक वर्षं मालक घ्यायलाच येत नव्हते, मग दोघांनी मनिऑर्डरने पाठवायला सुरुवात केली होती (हे पुढे फार उपयोगी पडलं). मालक म्हणजे एक माणूस नाही, सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर नऊ वारसांची नावं, त्यातले थोरले मालक कॉलेज रोडला, बाकीचे पुण्या-मुंबईला.

नाशकात आपण गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगेचं पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं यावरून अख्खं गाव पुराचा अंदाज बांधतं. या वाड्यात मात्र मारुतीकडे बघायची गरज नव्हती, गिरणीच्या भिंतीवर २००८ च्या पुराची खूण रंगाने मारलेली होती आणि तिच्या खाली २०१९ च्या ऑगस्टमधली. जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे येते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही पूररेषा सगळ्या प्रकरणात किती आडवी येणार आहे हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

ज्यांना जमलं ते या भागातून केव्हाच बाहेर पडले, आधी कॉलेज रोड, गंगापूर रोड, मग इंदिरानगर, पाथर्डी फाटा. मागे राहिले ते दोन प्रकारचे लोक, ज्यांना दुसरीकडे परवडत नाही ते, आणि ज्यांचं कामच इथे आहे ते. वाड्यातल्या दोन तांबटांपैकी ज्यांना मी काका म्हणते ते तांबट काका दुसऱ्या प्रकारचे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे भांडी बाजारातले दुकानदार, कल्हई लावायला येणाऱ्या बायका, आणि रामकुंडावरून गंगेचं पाणी न्यायला तांब्याचा गडू शोधणारे यात्रेकरू. पाच मिनिटांच्या अंतरावर सगळं. सकाळी साडेआठला त्यांचं ठोकणं सुरू व्हायचं, पातेल्याच्या बुडावर मठारकाम करताना हातोडीचे ठसे इतके सारखे पडायचे की मी लहानपणी तासन् तास ओट्यावर बसून ते बघायचे. ऐरण जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेली होती, तो ओंडका त्यांच्या आजोबांनी पुरलेला. ही ऐरण पुढे परत येणार आहे.

अडचण काय होती

मे २०१९ मध्ये महापालिकेची नोटीस आली. पावसाळ्याच्या आधी धोकादायक वाड्यांना दरवर्षीच नोटिसा येतात, त्यामुळे सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही, पण ही महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची होती आणि सोबत मालकांनी करून घेतलेला स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट होता, त्यात वाडा सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामा करून पाडा. मग ऑगस्टमध्ये पूर आला, चौकात पाणी उभं राहिलं आणि ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीचा वरचा तुकडा पडला. कोणाला लागलं नाही.

त्याच सुमारास शेजारचा वाडा एका बिल्डरने घेतल्याचं कळलं. हे का महत्त्वाचं ते सांगते. जुन्या गावठाणात गल्ल्या अरुंद, रस्त्याच्या रुंदीवर इमारतीची उंची ठरते, एकट्या लहान वाड्यावर काही बांधून बिल्डरला परवडत नाही, दोन-तीन लागून असलेल्या जागा एकत्र केल्या तरच गणित बसतं. २०१६ ला नाशिकचा स्मार्ट सिटीत नंबर लागला, गावठाणातले रस्ते उकरायला सुरुवात झाली, पुढचा सिंहस्थ दिसायला लागला, आणि ज्या जागांकडे वारसांनी वीस-वीस वर्षं बघितलं नव्हतं त्यांच्यासाठी वारसांचे फोन एकमेकांना जायला लागले. मालकांनी मुद्दाम भिंत पाडली असं काही मी म्हणत नाही. पण वीस वर्षं एक रुपयाची डागडुजी केली नाही की भिंत आपोआप पडते.

मी स्वतः दोन दिवस वाडा बघितला. खरं सांगायचं तर भाडेकरूंना माझ्याकडून "काही धोका नाही" असं ऐकायचं होतं, ते मी म्हणू शकले नाही. मागच्या भिंतीला पोट सुटलं होतं, दोन तुळयांची टोकं भिंतीत सडलेली होती. पुढचा भाग मात्र चांगला होता, खांब ठणठणीत. माझ्या मते पुढचा भाग सी-२ मधला, म्हणजे दुरुस्तीचा, आणि मागचा लगेच रिकामा करण्यासारखा. पण नोटीस अख्ख्या वाड्याला.

कोणते पर्याय होते

गणपतीच्या आधी चौकात बैठक झाली, अकरा घरांची माणसं, काही जिन्यावर बसलेली. चार मतं पुढे आली.

पहिलं, कोर्टात जाऊन नोटिशीवर स्थगिती आणायची. गिरणीवाले भाऊ याच्यावर ठाम होते. दुसरं, आपल्या खर्चाने दुरुस्ती करायची. मी अंदाज काढला तो साडेअकरा लाखांचा निघाला, मागच्या बिऱ्हाडांना ते शक्यच नव्हतं आणि पुढचे म्हणत होते मागच्या भिंतीचा खर्च आम्ही का द्यायचा. तिसरं, बिल्डरचा माणूस घरोघर फिरून रोख सांगत होता, बिऱ्हाडाला सहा लाख, गाळ्याला आठ. चौथं, रजिस्टर करार करून नव्या इमारतीत जागा घ्यायची.

सगळ्यात मोठी भीती एकच, वाडा एकदा पडला की आपण कोण? बिल्डरचा माणूस हेच सांगत होता, "इमारतच राहिली नाही तर भाडेकरू कसला." इथे एका वकील मावशींनी (गल्लीतल्याच, आता निवृत्त) फार मोलाची गोष्ट सांगितली. सांगली-मिरजेकडच्या एका प्रकरणात, जिथे महापालिकेनेच इमारत पाडली होती, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं की इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, तो जमिनीलाही चिकटलेला असतो. हे ऐकल्यावर बैठकीतला सूरच बदलला. त्या पुढे म्हणाल्या, "हक्क राहतो गं, पण किती जागेचा राहतो ते तुमच्याकडच्या कागदावर ठरतं. वाडा पडल्यावर भिंती साक्षीला येत नाहीत."

वरच्या मजल्यावरच्या एका मावशींची पावती त्यांच्या गेलेल्या सासऱ्यांच्या नावावर होती. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारल्यावर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरू धरतात, पण ते दाखवायला रेशन कार्ड, लाईट बिल, मतदार यादी सगळं गोळा करावं लागलं. मनिऑर्डरच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या दोघांना काहीच त्रास झाला नाही.

काय केलं

स्थगितीचा नाद सोडला. यात माझा वाटा होता आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, मागच्या भिंतीखाली तीन लहान मुलं झोपत होती. मागची बिऱ्हाडं आधी हलवली, दोघांनी तेव्हाच रोख घेतली आणि म्हसरूळकडे गेले. दुसऱ्या तांबटांनीही रोख घेतली, त्यांच्या मुलाला अंबडच्या कारखान्यात नोकरी होती, त्याला हे काम करायचंच नव्हतं. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. राहिले आठ, पाच बिऱ्हाडं आणि तीन गाळे.

मग मोजमाप. दोन रविवार मी टेप घेऊन एकेक खोली मोजली. पावत्यांवर चौरस फूट नसतातच, "दोन खण", "अडीच खण व माळा" असं लिहिलेलं, आणि खण (दोन खांबांमधली जागा) काही सगळीकडे सारखा नाही. प्रत्येक खोलीचा कच्चा नकाशा, लांबी-रुंदी, तारीख, भाडेकरूची सही आणि शेजारी मालकांच्या प्रतिनिधीची सही. थोरल्या मालकांचा मुलगा दोन्ही रविवारी आला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. माळ्यावरून वाद झाला, शेवटी माळा निम्मा धरायचं ठरलं.

तांबट काकांचा गाळा आत १६८ चौरस फूट भरला. पण काम तेवढ्यात होतं का? ठोकणं ओट्यावर, ओटा ११ फूट बाय ३ फूट ४ इंच, म्हणजे आणखी ३७. भट्टी चौकाच्या कोपऱ्यात, ७ बाय ६, म्हणजे ४२. एकूण वापर २४७ चौरस फुटांचा. मालकांचा मुलगा म्हणाला ओटा आणि चौक सामायिक आहेत, ते कोणाच्या नावाने लिहिता येणार नाहीत. कायद्याने बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. मी लिहिलं नाही. काका टेपचं दुसरं टोक धरून उभे होते, काही बोलले नाहीत, टेप सोडली आणि परत कामाला बसले.

त्यानंतर २०२० गेलं कोरोनात. डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियमावली (बांधकामाचे नवे नियम) लागू झाली, बिल्डरने तिच्या हिशोबाने नवा प्लॅन आणला आणि २०२१ मध्ये करार रजिस्टर झाला. ४१ पानांचा. मोजलेल्या जागेइतकी कार्पेट जागा (भिंतींच्या आतली) अधिक थोडी वाढीव, मालकी हक्काने, १८ महिन्यांत ताबा, तोवर महिना ७,००० भाडं, त्याचे १८ चेक आधीच हातात. चेक आधी मागायची सूचना पूजा साहित्यवाल्या ताईंची, आणि ती सोन्यासारखी ठरली. नोव्हेंबर २०२१ ला वाडा रिकामा झाला. सागवान उतरवून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलं, ते पैसे मालकांचे.

काकांचा ओंडका काढायला जेसीबी लागला. साडेतीन फूट खोल होता आणि खालचं टोक अजून घट्ट.

काय झालं

ताबा मिळाला जून २०२४ ला, म्हणजे १८ ऐवजी ३१ महिन्यांनी. १८ चेक संपल्यावर भाडं बंद. वकिलाची नोटीस गेल्यावर सहा महिन्यांचे पैसे आले, सातचे राहिलेत ते राहिलेत. रेरात (बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं सरकारी प्राधिकरण) जायचं बोलणं झालं, पण आपण तिथे फ्लॅट विकत घेणारे नाही, पुनर्वसनातले लोक, त्यामुळे तो आधार फार पातळ होता. करारात उशिराबद्दल दंडाचं वाक्य होतं, रक्कम नव्हती.

पाच बिऱ्हाडांना फ्लॅट मिळाले आणि चांगले मिळाले. हे मी हातचं राखून बोलत नाही. घरात संडास, घरात नळ. वरच्या मावशींची सून मला म्हणाली, "ताई, लग्न होऊन अकरा वर्षं झाली, रात्री दोनला मला पहिल्यांदा जिना न उतरता जाता आलं." वाड्याच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांनी (त्यात मी पण आहे) हे वाक्य ऐकून ठेवावं.

पण मेंटेनन्स महिना १,६००, लिफ्ट आहे, वॉचमन आहे, वर घरपट्टी वेगळी. जिथे वर्षाचं भाडं हजारभर रुपये होतं तिथे आता महिन्यालाच त्याच्या दीडपट. त्याच मावशींनी वर्षभरात फ्लॅट भाड्याने दिला आणि सगळं कुटुंब सिन्नरजवळ दिराच्या घरी राहायला गेलं, सुनेला तो घरातला नळ पुरतं एक वर्षही लाभला नाही. आणखी एका घराने विकून टाकला. म्हणजे पाचातली तीनच घरं खरोखर तिथे राहतात. विक्रीचे फ्लॅट घेतलेले लोक बहुतेक सराफ बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या घरचे, माणसं चांगली आहेत, भांडण काही नाही, पण त्यांना खाली ठोकाठोक नको आहे आणि पहिल्या मजल्यावर धूर नको आहे.

आता गाळ्यांचं. पूररेषेच्या आत असल्यामुळे प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, लाल रेषेच्या वर घ्यावी लागली, खाली सगळं पार्किंग, आणि गाळे वर, गल्लीतून पायऱ्या चढून. पूजा साहित्याचं दुकान चालतंय. गिरणी मोटरच्या हादऱ्यावरून दोनदा तक्रार होऊन शेवटी खाली रबर टाकून चालते. तांबट काकांना १८५ चौरस फुटांचा स्वच्छ, टाईल बसवलेला, शटरचा गाळा मिळाला. मालकीचा. आणि त्यात ऐरण पुरता येत नाही, कारण खाली जमीनच नाही, स्लॅब आहे आणि स्लॅबखाली कोणाची तरी कार उभी आहे. भट्टीला जागा नाही. ओटा नाही. शिवाय कराराच्या २३ व्या पानावर स्पष्ट लिहिलंय की रहिवाशांना त्रास होईल असा आवाज, धूर किंवा आग असलेला व्यवसाय गाळ्यात करता येणार नाही.

ते पान मी वाचलं होतं. सगळ्या करारांत असतं तसं वाक्य आहे म्हणून पुढे गेले. ज्यांच्या कामातच आवाज, धूर आणि आग तिन्ही आहेत अशा माणसाच्या करारात ते वाक्य काय करतं, याचा विचार तेव्हा मला सुचला नाही. काकांच्या हातातून काम सुटायला ते एक वाक्य आणि माझ्या वहीतले न लिहिलेले ७९ चौरस फूट पुरले.

आज काका त्या गाळ्यात तयार भांडी विकतात, मशीनवर दाबलेली, बाहेरून आलेली. पेठ रोडला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती, ऐरण तिथे नेली, पण यात्रेकरू आणि कल्हईवाल्या बायका काही पेठ रोडला जात नाहीत, आठ महिन्यांत शेड सोडली. ओंडका सध्या माझ्या मामाच्या अंगणात आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय, तांब्याच्या गडूला मागणी येणार हे काकांना माहीत आहे, एवढ्या वर्षांत असा सिंहस्थ पहिलाच की त्यांच्याकडे हातोडी आहे आणि बसायला जागा नाही.

निर्णयाची ठिकाणं, आणि काय वेगळं करता आलं असतं

स्थगिती न घेणं, मागची बिऱ्हाडं आधी काढणं, दोघांच्या सहीचं मोजमाप, आधीचे चेक, हे चार निर्णय मी पुन्हा तसेच घेईन. चेक मात्र १८ च्या ऐवजी ३० मागेन आणि दंडाची रक्कम दर महिन्याच्या हिशोबाने आकड्यात लिहून घेईन. मेंटेनन्सचं तर पहिल्या बैठकीतच बोलायला हवं होतं. बिल्डरकडून मिळणाऱ्या रकमेतला काही भाग कॉर्पस म्हणून सोसायटीकडे ठेवून त्याच्या व्याजातून जुन्या भाडेकरूंचा मेंटेनन्स कमी करता येतो, काही ठिकाणी असं करतात, आम्ही मागितलंच नाही, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष चौरस फुटांवर होतं.

आणि मोजमाप फक्त जागेचं करायला नको होतं. प्रत्येक गाळ्यासमोर लिहायला हवं होतं: काम काय चालतं, किती वाजता, आग लागते का, वजन किती, जमीन लागते का, गिऱ्हाईक गल्लीतून येतं का. ओटा सामायिक असेल तर सामायिक म्हणूनच लिहायचा, पण "सामायिक, अमुक गाळाधारकाच्या कामाच्या वापरात" असं लिहायचं आणि सही घ्यायची. हक्क मिळेल न मिळेल, निदान प्लॅन काढणाऱ्या आर्किटेक्टच्या समोर ती भट्टी आली असती. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या कडेला, मातीवर, दहा बाय सात फुटांची उघडी जागा निघत होती, मी नंतर नकाशावर मोजली. पूर आला तर ऐरणीचं काही बिघडत नाही, ती आधीही पाण्यात गेलेलीच होती. त्या जागेला परवानगी मिळाली असती का हा वेगळा प्रश्न, पण विचारलं कोणीच नाही.

रोख घेणाऱ्यांबद्दल एक. तीनही घरं वेगवेगळी जाऊन बोलली आणि तिघांना वेगवेगळी रक्कम मिळाली, सर्वात कमी मिळाली ती ज्यांना सर्वात जास्त घाई होती त्यांना. बाहेर पडायचं तर पडा, पण बोलणी एकत्र करा, एवढं तरी आम्ही त्यांच्यासाठी करायला हवं होतं. ते गेले तेव्हा राहिलेल्यांना थोडा रागच होता, त्या रागात हे राहून गेलं.

यंदा पलीकडच्या गल्लीतल्या वाड्याला नोटीस आली. तिथे खाली एक कासार आणि एक लोहारकाम करणारे आहेत. मागच्या रविवारी मी टेप घेऊन गेले, सोबत तांबट काका आले, टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं आणि सुरुवात ओट्यापासून केली. मालकांच्या माणसाने खोल्यांच्या कागदावर सही केली, ओट्याच्या आणि भट्टीच्या कागदावर केली नाही, वकिलांना विचारून सांगतो म्हणाला. भाडेकरूंनी सह्या करून, फोटो जोडून तो कागद रजिस्टर पोस्टाने सगळ्या वारसांच्या पत्त्यावर पाठवलाय. पोचपावत्या यायच्या आहेत.